अश्वत्थाम्याचे तेल

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमची आजी तेलाची वाटी घेऊन पाटाशी बसली, की आमच्या डोक्याला हात लावण्याआधी ती बोट तेलात बुडवून जमिनीवर सात ठिपके टेकवीत असे. ते सात चिरंजीवांचे. त्यांतला पहिला ठिपका अश्वत्थाम्याचा. एके वर्षी मी तिला विचारले, "आजी, तो तर वाईट होता ना? झोपलेल्या मुलांना मारले त्याने. मग त्याला तेल कशाला?" आजीने माझे डोके चोळता चोळता सांगितले, "वाईट होताच रे. पण जखम ती जखमच. दुखायची थोडीच राहते?"

दिवाळीच्या अंकात युद्धाची आणि भीतीची गोष्ट काढली म्हणून वाचकांनी रागावू नये. आजीने दिलेले उत्तर समजायला मला तीस वर्षे लागली, आणि ते समजले ते कथा-कादंबऱ्या वाचूनच. म्हणून ही हकिकत फराळाच्या ताटाशेजारी ठेवतो आहे.

महाभारताचे युद्ध अठरा दिवस चालले, हे आपण मुलांना सांगतो. परंतु व्यासांनी अठराव्या दिवशी लेखणी खाली ठेवली नाही. त्या रात्री अश्वत्थामा पांडवांच्या छावणीत शिरतो आणि निजलेल्यांची कत्तल करतो. त्यापुढच्या पर्वात रणभूमीवर बायका येतात आणि आपापले माणूस शोधत फिरतात. युद्धाअखेर कौरवांकडचे तिघे आणि पांडवांकडचे सात एवढेच वीर उरतात. अश्वत्थाम्याच्या मस्तकावरचा मणी काढून घेतला जातो आणि त्याला शाप मिळतो, की वाहती जखम घेऊन तीन हजार वर्षे तू एकटा भटकशील. आपल्या लोककथेने त्याला सातपुड्याच्या रानात, अशीरगडाच्या परिसरात, नर्मदेच्या काठी फिरते ठेवले आहे. भेटेल त्याच्याकडे तो जखमेसाठी तेल मागतो. बापाला कपटाने मारलेले पाहून ज्याचे भान सुटले, ज्याच्या हातून भयंकर कृत्य घडले आणि ज्याला मरणही येत नाही, असा हा योद्धा आहे. युद्धाने माणसाचे काय होते, हे याहून नेमके सांगणारी गोष्ट मला ठाऊक नाही. ही गोष्ट डोळ्यासमोर असूनही मी एका माणसाला ओळखू शकलो नाही, ते आता सांगतो.

मरोळला आम्ही ज्या चाळीत राहत होतो, ती मिलिटरी रोडपासून फार दूर नव्हती. रस्त्याचे नाव मिलिटरी रोड आणि त्यावर मिलिटरी कुठेच दिसत नाही, याचे आम्हा पोरांना मोठे नवल वाटे. आमच्यापुरती मिलिटरी म्हणजे चाळीतले सुभेदारकाका. मूळचे सातारा जिल्ह्यातले. १९६५ आणि १९७१ ही दोन्ही युद्धे पाहून पेन्शनीत आलेले आणि नंतर एमआयडीसीतल्या एका कारखान्यावर वॉचमनची नोकरी करणारे. मिशा पिळदार, चालणे ताठ, बोलणे मोजके. चाळीच्या डोक्यावरून विमानतळावर उतरणारी विमाने जात. भांडी खडखडत, पण काकांच्या हातातला चहा हलत नसे. आणि तेच काका लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पांघरूण काखेत मारून कुठेसे निघून जात, ते मध्यरात्र उलटल्यावर परत येत.

एका वर्षी ते गेले नाहीत. काकी तापाने पडल्या होत्या. आम्ही चौघे पोरे. "सुभेदार फटाक्यांना भितो" हा आमच्यातला मोठा विनोद. त्या रात्री त्यांच्या दाराशी सुतळी बॉम्ब मी लावला. दुसऱ्या कुणी नाही, मीच. आवाज झाला आणि आम्ही हसत खिडकीतून डोकावलो. पाण्याच्या पिंपामागे काका गुडघ्यांत डोके घालून बसले होते. दोन्ही हात मानेवर. ते ओरडले नाहीत की आम्हाला शिव्या दिल्या नाहीत. काकी तापातच उठल्या होत्या आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवीत होत्या, जसा लहान मुलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या घरी फराळाचे ताट आणून दिले आणि जाताना मला एवढेच म्हणाल्या, "बाळा, पुढल्या वर्सी आमच्या दारात नको हां." आईला काही कळले नाही. मला सगळे कळले होते, परंतु त्याला नाव देता येत नव्हते.

विमानाला न घाबरणारा माणूस फटाक्याला का घाबरतो? आज मला वाटते, की विमान येताना दुरून कळते आणि फटाका न सांगता येतो, म्हणून. डॉक्टर लोकांनीही हे ओळखायला वेळ घेतला. पहिल्या महायुद्धात १९१५ च्या सुमारास 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकाच्या नियतकालिकात आला. तरीही त्याच युद्धात ब्रिटिश सैन्याने पळपुटे आणि भित्रे ठरवून आपल्याच माणसांना गोळ्या घातल्या. त्यांतील ३०६ जणांना २००६ मध्ये मरणोत्तर माफी मिळाली. युद्धासारख्या आघातानंतर मनाला जडणाऱ्या विकाराला अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांनी रीतसर नाव देऊन आपल्या यादीत घेतले ते १९८० मध्ये. आपल्या घरांत त्याला आजही नाव नाही. आपण म्हणतो, बाहेरचे झाले, डोके फिरले, दारू लागली.

शास्त्राला नाव सापडण्याआधी ही गोष्ट कुणी लिहून ठेवली असेल, तर ती लेखकांनी. मराठीपुरते बोलायचे, तर आपल्याकडे तिचा आरंभ पानिपतापासून करावा लागतो.

१४ जानेवारी १७६१ चा तो एक दिवस. आपल्या भाषेत तो अजून संपलेला नाही. परीक्षेत नापास झालेला मुलगाही घरी येऊन सांगतो, "गणितात पानिपत झाले." पोवाड्यांनी आणि बखरींनी त्या दिवसाचे शौर्य गायिले, आणि ते खोटे नव्हते. परंतु त्याच रणांगणावरून पळून आलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या एका मुलाने पुढे आपली हकिकत स्वतः लिहून ठेवली आहे. त्या त्रोटक आत्मचरित्रात वीरश्रीचा आव नाही. घोडा आणि अंगावरचे कपडे टाकून, उपाशीपोटी, जीव मुठीत धरून तो कसा पायी निसटला, हे त्याने न लाजता सांगितले आहे. बरोबर गेलेली त्याची आई त्याला पुन्हा भेटली नाही. हा मुलगा म्हणजे नाना फडणीस. पुढे ज्याच्या बुद्धीवर मराठी राज्य कित्येक वर्षे तगले, त्याने आपली भीती झाकून ठेवली नाही, याचे मला फार मोल वाटते. मराठी गद्यात भीतीचा इतका सरळ कबुलीजबाब दुर्मिळ आहे.

रणांगणावर न गेलेल्यांचे काय झाले? नानासाहेब पेशवे त्याच वर्षीच्या जूनमध्ये पर्वतीवर खचून वारले. सदाशिवरावभाऊंची पत्नी पार्वतीबाई पानिपतावरून परत आली आणि तिने वैधव्य पत्करले नाही. पती मेला हे तिच्या मनाने मानलेच नाही. १७८३ मध्ये ती गेली, म्हणजे बावीस वर्षे तिने वाट पाहिली. दरम्यान एक मनुष्य 'मीच भाऊसाहेब' म्हणत उभा राहिला. चौकशी झाली, तोतया ठरला, कैदेत पडला. पुढे कैदेतून सुटून त्याने कोकणात फौज जमविली, किल्ले घेतले, आणि १७७६ मध्ये पकडला जाऊन देहान्त शिक्षेला पात्र झाला. त्या वेळी पुण्याचा कारभार नाना फडणिसांकडे होता. पानिपतावरून पळालेल्या मुलाच्या अमलात पानिपतच्या सेनापतीच्या तोतयाचा निकाल लागला!

इतिहासाचे पुस्तक तोतयाला लुच्चा म्हणून मोकळे होते. लुच्चा तो होताच. पण हजारो माणसे त्याच्यामागे का गेली? त्यांत राजकारण होते, स्वार्थ होता. मला मात्र आणखी एक कारण दिसते. घराघरांतला कुणी ना कुणी पानिपतावरून परत आलेला नव्हता. त्यांचे प्रेत कुणी पाहिले नव्हते, अग्नी दिला नव्हता. पंधरा वर्षांनी भाऊ परत येऊ शकतो, तर आपलाही येईल, ही आशा त्या गर्दीत चालत होती. लढाई एका दिवसात संपली. वाट पाहणे एक पिढी चालले.

मराठी लेखकांना हे वर्म कळले होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात न. चिं. केळकरांनी 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. त्याच सुमारास चिं. वि. वैद्यांनी पानिपतच्या मोहिमेवर कादंबरी लिहिली, आणि तिचे नाव ठेवले 'दुर्दैवी रंगू'. एवढ्या मोठ्या मोहिमेच्या गोष्टीला एका बाईचे नाव! १९६२ मध्ये आलेली रणजित देसाईंची 'स्वामी' आपण रमा-माधवाची प्रेमकथा म्हणून वाचतो. आमच्या घरीही तिची पाने वाचून वाचून सुटली. पण जरा निराळ्या नजरेने पाहा. ती युद्धानंतरची कादंबरी आहे. सोळाव्या वर्षी गादीवर बसलेला मुलगा, बाप खचून गेलेला, थोरला भाऊ आणि चुलता पानिपतावर पडलेले, डोक्यावर कर्ज. सत्ताविसाव्या वर्षी, १७७२ मध्ये, थेऊरला तो जातो तेव्हाही कर्जाची चिंता त्याला सोडत नाही. विश्वास पाटलांच्या 'पानिपत'ने १९८८ मध्ये पुन्हा ती सारी रणभूमी उभी केली आणि सव्वादोनशे वर्षांनंतरही मराठी घरांतून ती हातोहात गेली. जखम बुजली असती, तर असे झाले नसते.

आता नव्या काळातल्या युद्धांकडे येऊ. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात कुट-अल-अमारा येथे सैन्याला वेढा पडला. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. १४७ दिवस त्यांनी उपासमार सोसली, शेवटी घोड्यांच्या मांसावर दिवस काढायची पाळी आली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करावी लागली. नंतर कैदी म्हणून वाळवंटातून चालता चालता कित्येकांचे प्राण गेले. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे या एका गावातले ४६ जण त्या महायुद्धात कामी आले; त्या गावाला आज अपशिंगे मिलिटरी असेच म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात माणगावकडचे यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीत पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो त्यांच्या तरुण पत्नीने स्वीकारला.

ते पदक हातात घेऊन ती बाई गावी परतली, त्यानंतरच्या तिच्या हजारो संध्याकाळी कशा गेल्या असतील? अशी कादंबरी मी शोधीत राहतो. जर्मनीत रेमार्क स्वतः शिपाई होता आणि १९२९ मध्ये त्याने पश्चिम आघाडीवरची कादंबरी लिहिली. तिच्यातल्या पोरसवदा शिपायांची भीती नाझींना इतकी बोचली, की १९३३ मध्ये त्यांनी ती जाळली. हिंदीत चंद्रधर शर्मा गुलेरींनी युद्ध चालू असतानाच, १९१५ मध्ये, फ्रान्समधल्या खंदकातल्या शीख जमादाराची 'उसने कहा था' ही कथा दिली. आमच्याकडे मात्र लेखक एका आळीत राहिला आणि शिपाई दुसऱ्या. कुटहून परतलेल्या मराठा गड्याला लिहिता येत नव्हते, आणि लिहिता येणाऱ्याने त्याच्या पडवीत जाऊन बसायचे मनावर घेतले नाही. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, म्हणून हा ठपका माझ्यावरही आहे. सुभेदारकाका आमच्या भिंतीपलीकडे राहत होते.

असे असूनही मराठीत युद्धावरची एक कादंबरी अशी आहे, की जी कुणाही भाषेने अभिमानाने मिरवावी. विश्राम बेडेकरांची 'रणांगण', १९३९. नाव रणांगण, पण तिच्यात तोफ नाही, खंदक नाही. युरोपातून मुंबईकडे येणारी एक बोट आहे. तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून पळालेली ज्यू माणसे आहेत. त्या काळी शांघायला जायला परवाना लागत नसे, म्हणून अशी सतरा-अठरा हजार माणसे तिकडे गेली. त्यांच्यातलीच एक हॅर्टा. घरी परतणारा मराठी तरुण चक्रधर आणि ती काही दिवसांपुरती एकमेकांची होतात. मुंबई येते, तो उतरतो. तिला उतरता येत नाही. बोट पुढे जाते, आणि त्या प्रवासात हॅर्टा समुद्राला जवळ करते.

महायुद्ध पेटले त्याच वर्षी ही कादंबरी आली. तिच्यातली माणसे मात्र आधीच उद्ध्वस्त झालेली आहेत. युद्ध शेवटची गोळी सुटल्यावर संपत नाही, हे पानिपताने सांगितले होते. पहिली गोळी सुटण्याआधीच ते सुरू होते, हे बेडेकरांनी सांगितले. भीती सैन्याच्या पुढे चालते. आमच्या मुंबईनेही ते अनुभवले. १९४२ मध्ये सिंगापूर आणि रंगून पडल्यावर इथली कित्येक बिऱ्हाडे कोकणात आणि देशावर निघून गेली. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चारनंतर व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या बोटीवरचा दारूगोळा फुटला. शेकडो माणसे मेली, आगी लागल्या, आणि अनेकांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "जपानी आले!" जपानी आले नव्हते. भीती तेवढी आधीपासून घरात येऊन राहिली होती. डिसेंबर १९७१ मध्येही हेच. काचांना काळा कागद चिकटवलेला, दिवा मिणमिणता; आई सांगते, त्या दिवसांत रडणाऱ्या पोरालाही शेजारी "हळू" म्हणत, जसे काही वरच्या विमानाला ऐकू जाणार होते!

नववीच्या वर्गात एकदा मी 'रणांगण'ची गोष्ट सांगितली. एका मुलाने विचारले, "सर, चक्रधर भित्रा होता का?" मी म्हणालो, "तुला काय वाटते?" तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "माझे बाबाही रात्री दचकून उठतात. ते पण भित्रे नाहीत." त्याचे वडील सीमेवर नोकरी करून आलेले होते. वर्गातले कुणी हसले नाही. चाळीस पोरे होती आणि कुणी हसले नाही, हे मला खरोखर महत्त्वाचे वाटते. आम्ही चौघे हसलो होतो. आमच्याजवळ तेव्हा ती गोष्ट नव्हती.

कथा-कादंबरीने युद्ध थांबल्याचे मी कुठे वाचलेले नाही. परंतु घाबरलेल्या माणसाला भित्रा म्हणण्याआधी ती आपल्याला क्षणभर थांबविते. पार्वतीबाईला वेडी, तोतयामागे गेलेल्यांना मूर्ख, सुभेदारकाकांना भित्रा म्हणणे सोपे आहे. गोष्ट वाचलेला माणूस ते म्हणायला कचरतो.

सुभेदारकाका जाऊन आता बरीच वर्षे झाली. मी नोकरीला लागल्यावर एकदा भाऊबिजेला त्यांच्याकडे गेलो होतो. धीर करून त्या सुतळी बॉम्बबद्दल माफी मागितली. त्यांना आठवत होते. ते म्हणाले, "तू पोरगा होतास. मला बी तवा कुणी सांगितलं नव्हतं, की ह्याला काय म्हनत्यात." मग मिशीतल्या मिशीत हसून त्यांनी काकींना चकल्या आणायला सांगितल्या. लढाईविषयी ते त्यानंतरही कधी बोलले नाहीत, आणि मीही विचारले नाही. ती कादंबरी मला अजून लिहायची आहे.

चाळीच्या जागी आता टॉवर उभा आहे, आणि मरोळ नाक्यावरून मेट्रो धावते. मिलिटरी रोडचे नाव तेवढे तेच राहिले आहे. आजी नाही. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे माझी मुलगी पाटावर बसते, तेव्हा तेलाची वाटी माझ्या हातात असते. गेल्या वर्षी तिने विचारलेच, "बाबा, पहिला ठिपका कोणाचा?" मी म्हणालो, "एका जखमी माणसाचा." तिने वाटीत बोट बुडवले आणि माझ्या ठिपक्याशेजारी आपलाही एक टेकवला.